ताटातलं नाव

"ह्या दोघींपैकी तुमची बायको कोणती?" खिडकी क्रमांक चारमधल्या बाईंनी मला विचारलं.

काचेपलीकडे त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी मांडले होते. एक आमच्या लग्नाचा दाखला, वेंगुर्ल्याचा. त्यावर वधूचं नाव रेश्मा अर्जुन कांबळी. दुसरी बायकोच्या पासपोर्टची झेरॉक्स. त्यावर मुग्धा उल्हास पालयेकर. आणि बायको स्वतः माझ्या डाव्या हाताला उभी, थंडीनं नाक लाल झालेलं, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"दोन्ही हीच," मी म्हटलं.

"एक बाई दोन कशा असतील?"

आता ह्यांना कुठून सुरुवात करून सांगायचं? आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण आमच्यासारख्या घरांत पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि पेढे वाटायचे. सकाळची रेश्मा पंगतीला बसेपर्यंत मुग्धा झालेली असते. पुढे रेशनकार्ड, पासपोर्ट, सगळं त्याच नव्या नावानं निघतं. मी हे सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. माझी त्यांची भाषा म्हणजे मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधले कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यापुरती. त्यात तांदूळ आले, ताट आलं, आणि मी काहीतरी खायचा पदार्थ सांगतोय असं बाईंना वाटलं असणार.

"ह्याचा सरकारी कागद?"

"तांदळाचा कागद कसा असेल, बाई?"

त्या हसल्या नाहीत. त्यांच्यासमोरच्या पाटीवर नाव होतं, डेकर. मी लग्नाचा फोटो दिला. फोटोत बायकोच्या कपाळाला मुंडावळ्या, तोंडापुढे फुलांची जाळी, मान खाली. डेकरबाईंनी तो बराच वेळ पाहिला, उलटा करून मागची बाजूही पाहिली, आणि फटीतून परत सरकवला.

"ह्यात कुणीही असू शकतं," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर फोटोच्या बाबतीत त्यांचं काही चुकत नव्हतं.

देशाचं नाव मी घेत नाही. माझा भाचा अजून तिथे नोकरीला आहे, उगाच त्याच्यामागे लचांड नको. युरोपातला एक देश आणि समुद्रकाठचं एक गाव, एवढं पुरे. मी तिथे पोचलो पोर्तुगीज पासपोर्टवर. माझे वडील पेडण्याचे, जन्म पन्नास सालचा, म्हणजे गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हाचा. त्या हिशेबानं त्यांचं नागरिकत्व निघालं आणि त्यांच्यामागून माझं. वाढलो मी वेंगुर्ल्याला, आजोळी. पोर्तुगीज म्हणाल तर 'आभारी आहे' एवढंच येतं, पण पासपोर्ट अगदी खरा.

तो असला की युरोपच्या संघातल्या कुठल्याही देशात राहता येतं आणि बायकोलाही बरोबर ठेवता येतं. हा कायदा एकट्या कुठल्या देशाचा नाही. सगळ्यांनी मिळून तो केलाय आणि आपापल्या कायद्यांच्या वर बसवलाय. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की बायकोला एक कार्ड मिळतं. ते असलं की ती गावी जाऊन परत येऊ शकते, आणि नसलं की गेली ती गेली.

आणि तिला जायचं होतं. तिचे बाबा, कांबळीगुरुजी, शिरोड्याला एकटे. त्या वर्षी गणपतीत त्यांचा उजवा हात लुळा पडला, मग जीभ जड व्हायला लागली. छत्तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवलेला माणूस. शेजारची सुलभा त्यांना जेवण भरवायची आणि फोन कानाला धरायची. फोनवर ते लेकीला 'रेशम' म्हणत. माझ्या घरात मुग्धा, फोनवर रेशम. मला त्यात कधी काही वाटलं नाही. माहेरचं नाव माहेरी, असं मी धरून चाललो होतो.

चार महिन्यांनी ऑफिसचं पत्र आलं. लग्न झालेली व्यक्ती आणि अर्ज करणारी व्यक्ती एकच असल्याचं सिद्ध होत नाही, सबब अर्जदारानं तीस दिवसांत देश सोडावा.

मी कामाच्या कपड्यांतच वकील शोधायला निघालो. मिळाली ती हान्ना, तिशीतली, सायकलवरून यायची, केस कायम ओले. मासळीचा वास घेऊन मी तिच्या खुर्चीत बसलो तरी तिनं नाक मुरडलं नाही, एवढ्यावरच मी तिला पसंत केलं. लग्नाच्या मूळ नोंदीवर दोघांच्या अंगठ्याचे ठसे होते. ती प्रत तिनं वेंगुर्ल्याहून माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडून मागवली.

"सही बदलते, नाव बदलतं, अंगठा बदलत नाही," मी म्हटलं. "झालं ना काम?"

"ऑफिस म्हणतंय, आम्ही फक्त नाव बदलल्याचा सरकारी कागद बघतो. ठसे तपासत नाही."

"का?"

"कारण तसा त्यांचा नियम आहे." मग तिनं टेबलावर पुढे झुकून सांगितलं, "पण त्यांचा नियम शेवटचा नाही, उल्हास. त्याच्यावर एक कायदा आहे."

मी म्हटलं, बरं.

तिथल्या कोर्टात पहिली तारीख फेब्रुवारीत पडली. छोटी खोली, म्हातारे न्यायाधीश, हीटरचा टकटक आवाज. आत जाण्यापूर्वी ऑफिसच्या वकिलानं हान्नाला बाजूला घेतलं आणि एक इंग्रजीतला कागद दिला. तडजोड. आम्हाला एवढंच लिहून द्या, वकिलातीचा शिक्का मारून आणा, आठवड्यात कार्ड घ्या.

माझा जीव भांड्यात पडला. मी पेन काढून, टोपण उघडून बायकोच्या हातात दिलंसुद्धा. हान्ना एकेक वाक्य इंग्रजीत वाचत होती आणि मी मराठीत सांगत होतो.

"मी, मुग्धा पालयेकर, जाहीर करते की रेश्मा हे नाव मी स्वखुशीनं कायमचं सोडलं आहे आणि यापुढे ते कुठेही वापरणार नाही."

"कसं सोडलं?" बायकोनं विचारलं.

"स्वखुशीनं."

तिनं कागद हातात घेतला. इंग्रजी तिला वाचता यायचं, बोलायला लाजायची. त्या ओळीवर बोट ठेवून तिनं ती स्वतः वाचली. मग पेनाचं टोपण लावलं आणि पेन माझ्या खिशात परत अडकवलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"अगं, सरकारी भाषा असते ती. आपल्याकडे पण असतं, स्वखुशीनं आणि पूर्ण शुद्धीत. कोण बघतंय?"

"मग तेवढा शब्द काढायला सांगा."

हान्नानं विचारून पाहिलं. समोरचा वकील मान हलवून म्हणाला, तोच शब्द तर हवा, नाहीतर उद्या ही बाई दुसऱ्या नावानं दुसरा अर्ज करेल. मी त्याला म्हटलं, आमच्या सात पिढ्यांत कुणी तेवढं हुशार नाही. त्याला ते समजलं नाही. बायको बाकावर जाऊन बसली ती बसलीच. मी गयावया केली, दटावून पाहिलं, गुरुजींचं नाव काढलं. ती नुसती हाताच्या बांगड्या मोजत होती.

आत न्यायाधीशांनी तिला थेट विचारलं, सही करणार का. दुभाषा नव्हता, ती स्वतःच त्यांच्या भाषेत म्हणाली, "नाही." तिला तेवढाच शब्द येत असावा असं मला वाटलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग ते बोलले ते हान्नानं बाहेर आल्यावर सांगितलं. तिचे गाल लाल झाले होते. अशील हट्टी निघाला की वकिलाला किती आनंद होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"ते लक्झेंबर्गला, युरोपच्या संघाच्या कोर्टाला प्रश्न पाठवतायत. नवऱ्याबरोबर राहायचं असेल तर आधी नाव सोडून दे, असं एखादा देश बायकोला सांगू शकतो का, असा प्रश्न."

"म्हणजे वरच्या कोर्टात अपील. कळलं. ग्रामपंचायतीवर तालुका, तालुक्यावर जिल्हा."

"अपील नाही. ते कोर्ट कायद्याचा अर्थ सांगतं, सगळ्या देशांना सारखा. निकाल परत इथेच, ह्याच न्यायाधीशांनी द्यायचा. आणि कार्ड द्यायचं त्याच ऑफिसनं."

"डेकरबाईंनी?"

"हो, त्यांनीच."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर? लक्झेंबर्गहून पोलीस येतात?"

"लक्झेंबर्गच्या कोर्टाला पोलीस नाहीत," हान्ना म्हणाली आणि सायकलचं कुलूप काढायला वाकली. "आपणच आहोत."

ऐकून माझं डोकंच फिरलं. किती दिवस लागतील म्हटलं तर दीड वर्ष. तोवर तात्पुरत्या कागदावर हिला राहता येईल, पण काम करता येणार नाही, देश सोडता येणार नाही, सोडला तर परत येता येणार नाही. आणि तिकडे शिरोड्याला एक माणूस दर आठवड्याला दोन-चार शब्द गमावत होता.

घरी आल्यावर मी नको ते बोललो. ती फरसबी निवडत होती. मी म्हटलं, "बापापेक्षा नाव मोठं झालं का तुला?" तिनं वर पाहिलं नाही. शेंगांचे दोर काढत राहिली, आणि मग म्हणाली, "जेवायला बसताय ना?" मी जेवलो नाही. चांगला चालणारा फ्रिज उघडून त्याचे पार्ट लादीवर मांडून बसलो. हात रिकामे राहिले की मला काही सुचत नाही, लहानपणापासून हीच खोड. दुसऱ्या दिवशी तो जोडला तर आवाज करायला लागला आणि पुढे कायम करत राहिला.

ते सतरा महिने मी कसे काढले, विचारू नका. दर सोमवारी हान्नाला फोन करायचो. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, उल्हास, महिन्यातून एकदाच कर. मग मी पत्रपेटी दिवसातून तीनदा उघडायला लागलो. रविवारी धक्क्यावर फेऱ्या मारायचो, बोटी मोजायचो. बायको मात्र गावच्या वाचनालयात जाऊन बसायला लागली. तिथे म्हातारी माणसं परक्यांना फुकट भाषा शिकवायची. मला काम सोडून काही येत नव्हतं आणि ती पावाच्या दुकानात हवापाण्याच्या गप्पा मारायला लागली होती.

फोन मात्र मी ऐकायचो. पहिल्या पावसाळ्यापर्यंत गुरुजी सबंध वाक्य बोलत.

"बाये, सही कर आणि ये. नाव काय गो, मी हाक मारतंय ती खरी."

"येते, बाबा."

"कधी?"

"येते."

फोन ठेवला की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. बाहेर येईपर्यंत डोळे धुतलेले. मी दोनदा म्हटलं, तो कागद अजून हान्नाच्या फाइलीत आहे. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घालून बाहेर पडलो. मला तिचा राग यायचा, मनापासून यायचा. एका शब्दासाठी, तोही इंग्रजीतल्या.

दिवाळी झाली. वाक्यं गेली, शब्द राहिले. मग शब्दही गेले. सुलभा सांगायची, ताई, ते ऐकतायत हां, तुम्ही बोला. पलीकडून नुसता श्वास यायचा.

निकालाच्या दिवशी लक्झेंबर्गला मी आणि हान्ना गेलो. बायको आली नाही. तिच्याजवळ जो तात्पुरता कागद होता त्यावर सीमा ओलांडायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, तिथे साधी चौकीसुद्धा नाही, आगगाडी थांबतसुद्धा नाही. ती म्हणाली, "कायदा मागायला चाललोय आणि जाताना मोडून जायचं का?" मी दोनच तिकिटं काढली.

एवढं मोठं कोर्ट मी जन्मात पाहिलं नव्हतं. गडद लाल झगे घातलेले न्यायाधीश ओळीनं येऊन बसले. मला वाटलं होतं, आता वादविवाद होईल, साक्षी होतील, मला उभं करतील. मी घरून इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. एकानं कागद उघडला, तीन-चार मिनिटं वाचलं आणि मिटला. पुढचं प्रकरण सुरू. हान्नानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं लागली.

बाहेर पायऱ्यांवर तिनं मला समजावून सांगितलं. ती बाई तीच आहे का, हे देशानं जरूर तपासावं. पण त्यासाठी हाताशी असलेला कुठलाही भरवशाचा पुरावा बघावा लागेल. आणि नाव सोडण्याच्या अटीवर बायकोला नवऱ्याजवळ राहू देणं, हे कुठल्याही देशाला करता येणार नाही. एकाही नाही.

मी तिथूनच घरी फोन लावला. "जिंकलो," मी म्हटलं. "आता सगळ्या युरोपात कुणाला असं विचारता येणार नाही. तुझ्यामुळे."

ती मग म्हणाली, "नाव वाचलं का माझं?"

"नाही गं. तिथे खासगी माणसांची नावं झाकतात. नुसती अक्षरं. एम. पी."

"एम," ती म्हणाली. फोनवर मला तो नादुरुस्त फ्रिज ऐकू येत होता. "बरं. या जपून."

आता वाटलं, कार्ड हातात पडल्यात जमा. कसलं काय. आमचे न्यायाधीश आजारी पडले, त्यांचा आदेश यायला सात आठवडे गेले. दरम्यान मी निकालाची प्रत घेऊन खिडकी क्रमांक चारवर तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा डेकरबाई म्हणाल्या, आमच्याकडे सूचना आलेली नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, सूचना आली पण ती कुणी उघडलेली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला. नावासाठी एकच चौकट होती.

"ह्यात मी दोन नावं कुठे घालू, सांगा," त्या म्हणाल्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या त्या. सकाळपासून शंभर माणसांशी बोललेला त्यांचा चेहरा होता.

शेवटी ऑगस्टमध्ये आदेश आला. न्यायाधीशांनी ठसे तपासून घेतले होते. दोन्हीकडचा अंगठा एकच. आम्ही तिघं सकाळीच ऑफिसात हजर झालो. हान्नानं काचेखालून एकामागून एक कागद सरकवले.

"हा लक्झेंबर्गचा निकाल. हा आपल्या न्यायाधीशांचा आदेश. त्यांच्या हातात होतं ते त्यांनी केलंय, मिसेस डेकर. आता राहिलात तुम्ही."

डेकरबाईंनी आदेश सगळा वाचला, बोट फिरवत. फोन केला. आत जाऊन साहेबांना भेटून आल्या. माझा गुडघा एकसारखा हलत होता, बायकोनं त्यावर हात ठेवून तो थांबवला. डेकरबाई येऊन बसल्या, चष्मा पुसला, आणि काचेतून बघत म्हणाल्या, "कार्डावर कोणतं नाव घालायचं?"

"मुग्धा," मी म्हटलं. "मुग्धा उल्ह..."

त्यांनी हाताचा तळवा वर केला. "तुम्हाला नाही विचारलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माझ्याकडे बघत नव्हत्याच. दोन वर्षांत त्या बायकोशी पहिल्यांदाच बोलत होत्या. बायको खिडकीच्या जवळ सरकली.

"रेश्मा," ती म्हणाली. मग त्यांच्या भाषेत सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "दुसरं नाव पासपोर्टवर आहे. ते तुम्ही खाली बारीक अक्षरांत लिहा."

"तसं करता येईल," डेकरबाई म्हणाल्या. "वीस मिनिटं बसा."

हान्ना कॉफी आणायला गेली. आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसलो. समोर एक बाई पोराला बिस्किट भरवत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "मला वाटलं, आपलं नेहमीचंच नाव घालशील."

ती समोर बघत राहिली. "तुम्ही ताटात लिहीत होतात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी नको म्हटलं होतं."

मी तिच्याकडे वळून पाहिलं.

"दारात बँड वाजत होता. तुम्हाला ऐकू नसेल आलं. मी इतकी वर्षं मनाला तेच सांगितलं, की बँड होता. पण त्या कागदावर स्वखुशीनं लिहिलेलं. त्यावर सही केली असती तर मी नको म्हटल्याचं कुठेच राहिलं नसतं."

मी आयुष्यात कधी गप्प बसलेलो नाही, कामावर मला रेडिओ म्हणायचे. त्या बाकावर मी बसलो. सोपं उत्तर जिभेवर आलं होतं, आणि तिनंच ते मला आयतं दिलं होतं. बँड होता खरा, सावंतवाडीचा, कान किटवणारा. पण ती माझ्याशेजारी पाटावर बसलेली. पंचांगात 'म' अक्षर निघालं होतं, आत्या मंदाकिनी म्हणत होती, मी म्हटलं मुग्धा. अंगठीनं 'मु' लिहिला तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली. तिच्या मुंडावळ्या माझ्या खांद्याला लागल्या. "नको ना," ती म्हणाली, "असू दे माझं." आणि मी पाहुण्यांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आता कुठे थांबायचं म्हटलं, आणि पुढचं अक्षर लिहिलं.

"आलं होतं," मी म्हटलं.

तिनं मान वळवली. "काय?"

"ऐकू आलं होतं मला. तेव्हाच."

ती रडली नाही, रागावली नाही. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटत होतं, हिनं मला एक थोबाडीत द्यावी, सगळ्यांसमोर. हान्ना कॉफी घेऊन आली, आमच्याकडे बघून दोन्ही कप बाकावर ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग डेकरबाईंनी हाक मारली. "रेश्मा पालयेकर." उच्चार त्यांनी भलताच केला, पण बायको ताडकन उठली. मी लांबून बघत होतो. तिनं सही केली ती मराठीत, झरझर, एकदाही न थांबता. ती सही मी लग्नाच्या दाखल्यानंतर पाहिली नव्हती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तिकीट काढा. शिरोड्याला जाते."

"दोन काढतो. मला रजा मिळेल."

"एकच काढा."

"बरं. आणि परतीचं? कधीचं?"

"ते माझं मी बघीन," ती म्हणाली.

ती गेली. निकालाची एकतीस पानं घरात टेबलावर होती. मी ती डिक्शनरी घेऊन सगळी वाचून काढली, रात्रपाळी नसेल त्या दिवशी दुसरं काय करणार? ती माझ्याजवळ राहू शकते, असं त्यात निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलेलं होतं. राहिलंच पाहिजे, असं कुठेच नव्हतं. कुठल्या कोर्टानं असं सांगावं, अशी माझी इच्छाही नव्हती, पण शोधलं मी, खोटं कशाला बोलू?

फोन व्हायचे, थोडक्यात. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाबांनी हाक मारली का?"

"अर्धी मारली," ती म्हणाली. "'रे' म्हणाले आणि थांबले. पण ओळखलं."

कधी येतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल, ते मला ओळखणारेच जाणोत. मधल्या काळात मी फ्रिज पुन्हा उघडला. बंद दारामागे घरात कुणी नसताना तिचं नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. सात वर्षांचा संसार, आणि माझ्या तोंडात ते नाव परक्या बाईचं असल्यासारखं यायचं. मी रोज म्हणत गेलो. भांडी घासताना, बूट घालताना.

एकेचाळिसाव्या दिवशी तिचा मेसेज आला. विमानाचा नंबर आणि वेळ, बाकी काही नाही.

विमानतळावर मी दोन तास आधी जाऊन उभा राहिलो. दार सरकायचं, माणसं बाहेर यायची, दार बंद व्हायचं. शेवटी ती दिसली. अंगात बाबांचा जुना स्वेटर, ट्रॉलीवर एक बॅग जास्तीची. कार्ड अजून हातातच होतं, आत दाखवून आली होती. ती पाट्या वाचत पलीकडच्या दरवाज्याकडे निघाली.

"रेश्मा," मी हाक मारली.

ती चालत राहिली. मला वाटलं, बरोबर आहे, माझ्या आवाजात हे नाव हिनं कधी ऐकलंय कुठे, दुसऱ्या कुणाला कुणी बोलावतंय असं वाटलं असेल. घसा साफ केला आणि जोरात ओरडलो, "रेश्मा." दहा माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ती थांबली, ट्रॉली वळवली आणि सावकाश माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पहिली हाक ऐकू नाही आली वाटतं," मी म्हटलं.

"आली होती," ती म्हणाली, आणि ट्रॉली माझ्या हातात दिली.